सुखाचे वर्ज्य दिवस

साध्या सुखांकडे समर्थन मागण्याची प्रथा नाही. सत्ता, संपत्ती, कीर्ती यांच्या हव्यासाला नीतिशास्त्राने वेळोवेळी जाब विचारला आहे. परंतु शरदातल्या निवळलेल्या पाण्यात गळ टाकून बसलेला माणूस, चुलीवर रटरटणारे कालवण आणि ताटांभोवती जमलेली घरची माणसे हे चित्र त्या चौकशीतून सहज सुटते. अथेन्समधील आपल्या उद्यानात राहणाऱ्या एपिक्युरसला मित्राने पाठविलेल्या थोड्याशा चीजमध्ये मेजवानी दिसली. यादवी युद्धाने होरपळलेल्या इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि नदीकाठच्या स्वस्थतेला चिंतनाचा दर्जा दिला. गरज लहान, म्हणून सुख निर्दोष, असा विश्वास या दोन्ही दृष्टिकोनांच्या मुळाशी आहे. हा विश्वास कितपत टिकतो, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप अहिंसेचा. काठावरच्या माणसाची स्वस्थता आणि गळाला लागलेल्या माशाची तडफड ही एकाच घटनेची दोन टोके आहेत. माशाच्या बाजूने पाहिले तर या सुखात साधे असे काहीच नाही. हा आक्षेप युक्तिवादाने निकालात निघत नाही; मासे खाणाऱ्याला तो सोबत बाळगावाच लागतो. मात्र त्यातून संपूर्ण त्याग किंवा संपूर्ण मोकळीक, असे दोनच मार्ग निघतात असे नाही. तिसऱ्या मार्गाचा एक प्राचीन लेख दिल्लीतच उभा आहे.

फिरोजशाह कोटल्यातील अशोकस्तंभ चौदाव्या शतकात टोपरा येथून यमुनेतून नावेने दिल्लीत आणला गेला. त्या काळी नदी कोटल्याच्या तटाजवळून वाहत होती. आज ती पूर्वेकडे सरकली आहे. स्तंभावरील लिपी १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने उलगडली. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या लेखात काही जलचरांना कायमचे अभय आहे. इतर माशांसाठी मात्र दिवस नेमून दिले आहेत. चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांच्या लगतच्या तिथी आणि उपोसथाचे दिवस या काळात मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी ती आज्ञा आहे. या आज्ञेतील 'विकूही नयेत' हा भाग अर्थपूर्ण आहे. जबाबदारी केवळ जाळे टाकणाऱ्यावर न ठेवता ती बाजारावर, म्हणजे पर्यायाने जेवणाऱ्यावरही ठेवलेली आहे. येथे सुखाचा निषेध नाही. सुखाला वर्ज्य दिवस दिले आहेत.

कोकणाला ही कल्पना परकी नाही. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात होडी न लोटता कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतात; समुद्राला नारळ अर्पण केल्यावर नवा हंगाम सुरू होतो. अनेक घरांत श्रावण पाळला जातो. हाच काळ कित्येक जातींच्या माशांच्या प्रजननाचा असतो. मग आश्विनात खाडीच्या बांधावर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, बसलेल्या माणसाच्या सुखात त्या प्रतीक्षेचाही अंश असतो. अर्थात हा संयम उपजत नव्हे. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या, अंड्यांनी भरलेल्या चढणीच्या माशांवर तुटून पडण्याची रीतही त्याच कोकणात आहे. म्हणूनच संयम पाळावा लागतो.

नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेल्या कोकणी घरात हे सुख वेगळ्या वाटेने येते. आय.एन.ए. बाजारात सुरमई आणि पापलेट बर्फात घालून आणलेले मिळतात; चित्तरंजन पार्कात रोहू आणि कटला मिळतात. ओले खोबरे, धणे आणि लाल मिरची वाटली जाते, गावाहून आलेली आमसुले पडतात, तिरफळे ठेचली जातात आणि परक्या शहरातील दोन खोल्यांना घराचा वास येतो. उशिरा येणाऱ्यासाठी एक तुकडी झाकून ठेवली जाते. ही झाकलेली तुकडी कुटुंबाच्या नीतीचे सार आहे: जो आता समोर नाही, त्याचाही वाटा असतो.

परंतु त्या जेवणानंतर भांडी घासली जातात आणि साबणाचे पाणी मोरीतून निघून जाते. १,३७६ किलोमीटर लांबीच्या यमुनेचा वजिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा टप्पा लांबीने दोन टक्क्यांहून कमी आहे. पण नदीच्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा त्याच टप्प्यात पडतो. तेथे अनेक ठिकाणी पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. पावसाचा लोंढा ओसरला की शरदात, जेव्हा नदीने निवळावे, तेव्हाच ओखल्याच्या बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर तरंगू लागतात. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातील साबण आणि फॉस्फेट हे त्याचे एक प्रमुख कारण. छठपूजेला आलेले भाविक त्या फेसात उभे राहिलेले दिसत आले आहेत.

१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष टाकणे हा गुन्हा ठरविला. येथे 'हेतू' या शब्दावर बराच भार आहे. दिल्लीतील कोणत्याही गृहिणीचा किंवा गृहस्थाचा मासे मारण्याचा हेतू नाही. तरीही गळ घेऊन बसणाऱ्या शेकडो माणसांना जे साधले नसते, ते लाखो निर्हेतुक मोऱ्यांनी साधले आहे. गळ टाकणारा निदान आपण मारलेल्या जिवाकडे पाहतो; मोरीपाशी उभ्या असलेल्याला तसे पाहावे लागत नाही. गरज लहान असल्याने सुख निर्दोष होते, हा युक्तिवाद येथे ढासळतो. लहान सुखांची बेरीज लहान राहत नाही.

याचा अर्थ घरातील माणसांनी अपराधी मनाने जेवावे, असा नव्हे. मलनिःसारणाची व्यवस्था हे शासनाचे कर्तव्य आहे आणि एकट्या घराच्या पश्चात्तापाने नदी शुद्ध होत नाही. पण ती व्यवस्था मागण्याचा आग्रह कोठून यावा? तो वैराग्यातून येण्याची शक्यता कमी. ज्याला ताटातल्या माशाची चव कळते, त्याच्याकडूनच तो यावयास हवा. उशिरा येणाऱ्यासाठी तुकडी झाकून ठेवणारे घर न्यायाचा पहिला धडा शिकलेले असते. त्या पंगतीत नदीचेही एक पान मांडलेले आहे, एवढेच त्याने ओळखावयाचे असते. कोटल्यातील स्तंभ दोन हजारांहून अधिक वर्षे हेच सांगत आहे: ज्या सुखाला वर्ज्य दिवस नाहीत, त्याला फार दिवसही नाहीत.