कोपराला कोपर

चेन्नईत मैलापूरच्या एका मंगल कार्यालयात पंगत बसली होती. लग्नघर तंजावरी मराठी मंडळींचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी गेलेली ही घराणी. घरात जुन्या वळणाची मराठी, दारात कोलम आणि जेवायला केळीचं पान. माझ्या समोरच्या ओळीत आठेक वर्षांचा एक मुलगा होता. त्यानं पानावर पाणी शिंपडलं, पुसलं आणि डाव्या हातानं भात कालवायला घेतला. पहिल्याच घासाला त्याचं कोपर डावीकडच्या आजोबांच्या उजव्या कोपरावर आदळलं. आजोबांचा घास पानाबाहेर. मागून कुणीतरी वडीलधाऱ्या बाई आल्या, पोराच्या हातावर चापट बसली. त्यानं डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि उजव्यानं रस्समभाताशी झटापट सुरू केली. रस्सम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आजूबाजूचे चारपाच जण हसले. त्यांत मीही होतो.

माझ्या शेजारी ओएमआर रस्त्यावरच्या कुठल्याशा कंपनीत काम करणारा भाचा बसला होता. तो पुटपुटला, "ऑकवर्ड!"

हा शब्द हल्ली पोरांच्या तोंडी इतका असतो की त्याच्या आत काय आहे हे कुणी बघत नाही. त्यातला 'वर्ड' म्हणजे शब्द नव्हे. फॉरवर्ड, बॅकवर्डमधला दिशा दाखवणारा प्रत्यय तो. आणि 'ऑक' हा स्कँडिनेव्हियन मुळाचा, आता मेलेला शब्द. अर्थ : उलटा, पाठमोरा, नको त्या बाजूला वळलेला. डाव्या हातानं केलेल्या वारालाही तो लावत. चौदाव्या शतकात ऑकवर्ड म्हणजे नुसतं 'उलट्या दिशेनं'. पुढे सोळाव्या शतकात ती दिशा माणसाच्या अंगाला चिकटली आणि तो बेंगरूळ, धांदरट ठरला. त्याचाच भाऊबंद 'गोश' हा तर फ्रेंचमधला सरळ 'डावा'. अठराव्या शतकात इंग्रजीत आला तो चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा म्हणून. ('क्लम्झी'चं मूळ मात्र थंडीनं बधिर झालेल्या बोटांत आहे. मार्गळी महिन्यात वीस-एकवीस अंशांना कानटोपी घालून सभांमधल्या गाण्याच्या मैफली ऐकायला जाणाऱ्या चेन्नईकरांना ते पटकन पटेल.)

म्हणजे उलटा कोण, हे कोण कुठे तोंड करून बसलंय त्यावर ठरलं. बहुसंख्यांनी उजवीकडे तोंड केलं आणि त्या बाजूला सरळपणाही देऊन टाकला. इंग्रजीत राइट म्हणजे उजवं आणि राइट म्हणजेच बरोबर. आपल्या 'उजव्या'चं मूळही 'ऋजु'त, म्हणजे सरळपणात सांगतात. मग डाव्याच्या वाट्याला उरलं डावं-उजवं करणं आणि डावलणं. तमिळ बोलीत डाव्या हाताला 'पीच्चांगै' म्हणतात. तो कोणत्या कामाचा हात, हे त्या नावातच आहे, पंगतीत अधिक फोड नको. एकट्या अर्जुनाचं मात्र आपण कौतुक करतो. सव्यसाचीतला 'सव्य' संस्कृतात डावाच, पण डाव्यानंही बाण सोडतो म्हणून तो थोर.

या शहराला तर डाव्या-उजव्याचा जुना डंख आहे. इथे जातीच दोन हातांत वाटलेल्या होत्या : वलंगै म्हणजे उजव्या हाताच्या, इडंगै म्हणजे डाव्या हाताच्या. कोमटी उजवीकडे, बेरी चेट्टी, सोनार-लोहारांसारखे कारागीर डावीकडे. कुणाच्या लग्नाची वरात कुठल्या रस्त्यानं जाणार यावरून ब्लॅक टाउनमध्ये दंगे पेटत. 1652 साली पेटले. 1707 साली, थॉमस पिट मद्रासचा गव्हर्नर असताना, भांडण इतकं हाताबाहेर गेलं की उजव्या हाताची माणसं शहर सोडून सान्थोमला जाऊन बसली. रस्ता तोच, वराती दोन. ज्याची वरात अडली, त्याला आपला हात डावा आहे म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी कळलं असेल.

भाच्याला मी विचारलं, ऑकवर्ड कोण झालं? तो खांदे उडवून म्हणाला, "सिच्युएशन." चतुर उत्तर. सिच्युएशन म्हटलं की त्यात आपण नसतो. मराठीत ही सोय सहज मिळत नाही. मराठीत 'मला' अवघडल्यासारखं होतं, 'मी' ओशाळतो, 'मी' कानकोंडा होतो. आणि याच 'अवघडणं'चा दुसरा अर्थ मला फार आवडतो. दिवस भरत आलेल्या बाईला आपण अवघडलेली म्हणतो. तिचं चालणं, बसणं, उठणं सगळं नेहमीपेक्षा वेगळं झालेलं असतं; पण तिला बघून कुणी हसत नाही. बसमध्ये कुणीतरी उठतं. तिचं अवघडलेपण तिचा दोष नाही हे कंडक्टरलाही ठाऊक असतं. पोराच्या वेळी मात्र मी हसलो होतो. माझं जेवण उजव्या हातानं, बिनअडथळा चाललं होतं.

तेवढ्यात ते आजोबा पान तसंच ठेवून उठले. ओळीच्या डाव्या टोकाला तेच बसले होते. त्यांच्या पलीकडे नुसती भिंत. "इंगे वा, कण्णा," इकडे ये बाळा, म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्याला दिली. मग दोन्ही पानं खालून तळवे लावून, भात सांडू न देता, त्यांनी अदलाबदल करून सरकवली. आमटीचा ओघळ पानाच्या काठाशी आला, तो त्यांनी बोटानं आत वळवला. पोरानं मांडीखालचा हात हळूच बाहेर काढला, भिंतीकडे एकदा पाहिलं, आणि कालवायला लागला.

वाढपी पायसम घेऊन आला होता.