गाजराची पुंगी आणि सावता महाराजांचा वाफा



आपल्या मराठीत एक म्हण आहे. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. म्हण मोठी सोयीची, प्रपंचात चालूनही जाते. परंतु परमार्थातही आपण पुष्कळजण हाच हिशेब धरून बसलेलो असतो. नाम घेतले, गोडी लागली तर लागली. नाहीतर माळ खुंटीला आणि आपण चावडीवर. नुकसान काहीच नाही! मला वाटते, ज्याने ही पुंगी केली त्याने गाजर बाजारातून आणले असावे. ज्याने ते आपल्या हाताने वाढवले, त्याच्या तोंडून ही म्हण निघायची नाही.

हा विषय कसा सुचला ते सांगतो. मी पुष्कळ वर्षे कार्तिकीची वारी पायी केली. मग गुडघे राहिले. एका वर्षी दिंडीला वेशीपर्यंत पोहोचवून परत आलो आणि ओसरीवर येऊन बसलो. मनात देवावर राग होता. खोटे कशाला सांगू? एकादशीला सकाळी सूनबाईने गाजराच्या बियांची पुडी पुढ्यात ठेवली. म्हणाली, "मामंजी, पाय नाही चालत, पण हात तर चालतात ना? परसात एवढं पेरून द्या."

पेरले. पण कसे? जमीन वरवर उकरली, गोठ्यातले ताजे शेण टाकले, बी फेकले आणि मोकळा झालो. वाजली तर वाजली! तीन महिन्यांनी उपटून पाहतो तो काय, एकाही गाजराचे रूप धड नाही. कुणाला दोन पाय, कुणाला तीन, कुणी वेडेवाकडे. मी बियाला दोष दिला. शेजारचे म्हातारे माळीदादा कुंपणापलीकडून बघत होते. ते हसून म्हणाले, "बुवा, बियाला कशाला बोलता? गाजर सरळच जायाला निघतं. खाली खडा आडवा आला, ताजं शेण लागलं, म्हंजी त्याला फाटे फुटत्यात. तुमी जमिनीला कीर्तन ऐकवलं, पर मशागत न्हाई केली."

श्रोतेहो, पुष्कळ प्रवचने ऐकली, पण हे वाक्य जिव्हारी लागले. माणसाचे मनही सरळच जायला निघते. आतला खडा आपण काढत नाही आणि फाटे फुटले की नामाला दोष देतो.

दुसऱ्या वर्षी माळीदादांना गुरू केले. हातभर खोल खणले, ढेकळे फोडली, खडे वेचले. पूर्ण कुजलेले जुने शेणखत आणि थोडी वाळू मिसळून गादीवाफा केला. बी फार बारीक, म्हणून तेही वाळूत कालवले. वीतभर अंतराने रेघा ओढल्या आणि जेमतेम अर्धा इंच खोल पेरले. गाजर पेरावे ते जागेवरच. वांग्याचे, मिरचीचे रोप उपटून दुसरीकडे लावता येते. गाजराला ते सोसत नाही. त्याचे मुख्य मूळ एकदा दुखावले की ते पुढे सरळ होत नाही.

ह्याच रेघांत माळीदादांनी मुळ्याचे दाणेही अधूनमधून टाकायला लावले. मुळा चार-पाच दिवसांत डोके वर काढतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो. गाजराला उगवायला १० ते १५ दिवस लागतात. तोवर वाफा वाळू द्यायचा नाही, झारीने हलके पाणी द्यायचे, वर ओले गोणपाट टाकायचे आणि कोंब दिसताच ते काढायचे. हे दिवस कठीण, बरं का! शेजारचा मुळा डोलतो आहे आणि आपल्या गाजराचा पत्ता नाही. एखाद्याला चार दिवसांत नामाची गोडी लागते, आपल्याला महिने जातात. पाणी घालणे सोडले नाही तर उशिराने उगवलेलेही उगवलेलेच.

सगळे दाट, हिरवेगार उगवले. तीन-चार पाने आली तेव्हा माळीदादा म्हणाले, "आता विरळणी करा. दोन रोपांत तीन बोटं जागा ठेवा." माझा हात चालेना. एवढा कोवळा जीव, आपणच वाढवलेला, आणि आपणच उपटायचा? दया आली म्हणून सगळी राखली. परिणाम? माघात काढली तेव्हा करंगळीएवढीही नव्हती. एकमेकांच्या तोंडचा घास काढून सगळीच उपाशी राहिली.

तेव्हा उमगले, ती दया नव्हे, ममता होती. आपल्या परमार्थाचेही असेच होते. दहा व्रते धरायची, पाच पोथ्या लावायच्या, चार ठिकाणी सेवा कबूल करायची आणि एकही सोडवत नाही. दाटीत कशालाच मूळ धरायला जागा नाही. संतांनी एक नाम, एक नेम सांगितला तो उगाच नव्हे.

तिसऱ्या वर्षी मन घट्ट केले. संध्याकाळी वाफा आधी भिजवला, म्हणजे उपटताना शेजारचे मूळ हलत नाही, आणि जादा रोपे अलगद काढून गाईला घातली. पुढे गाजराचे डोके मातीबाहेर दिसू लागले की मातीची भर दिली; ऊन लागले तर ते हिरवे पडते. पाणी बेताचे पण नेमाचे दिले. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाजले तर गाजर तडकते. वर्षभर विसरून एकादशीला एकदम टाळ कुटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! खताचा माराही केला नाही. त्याने पाला माजतो आणि मूळ केसाळ होते. वरची शोभा वाढली की आतले घटते, हा सिद्धांत गाजरही सांगते.

आणि एक पथ्य. किती वाढले ते पाहायला रोज उपटायचे नाही. आमचा नातू तेच करी. मी त्याला रागावलो, मग आठवले, मीही रोज हेच करतो. आज नामात मन किती रंगले, काल किती होते, म्हणून मूळच उपटून पाहतो.

आता एक योग पाहा. कार्तिकी एकादशी ते माघी एकादशी हे बरोबर तीन महिने, साधारण ८८-८९ दिवस. पुसा केसर जातीचे गाजर पेरल्यापासून ८० ते ९० दिवसांत काढणीस येते. म्हणजे गाजराचा जन्म एका वारीचा आणि काढणी दुसऱ्या वारीची! ह्याहून फार उशीर करू नये. फुलाचा दांडा आला की आतला गाभा लाकडासारखा कठीण होतो.

अरणचे सावता महाराज (इ. स. १२५० ते १२९५) मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे आपली परंपरा सांगते. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. आजही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण पांडुरंगाची पालखी सावता महाराजांच्या भेटीला अरणला येते. ही कथा मी कीर्तनात अनेकदा सांगितली होती. पण ओसरीवर बसायची वेळ आली तेव्हा मलाच ती खरी वाटली नव्हती. देव मळ्यात येतो ते कुणाकडे? ज्याने खडे वेचले, नेमाने पाणी घातले त्याच्याकडे. घरी बसलो म्हणजे सावता झालो, असे नव्हे.

त्या तिसऱ्या वर्षी माघीची दिंडी निघाली तेव्हा गाजरे तयार होती. लांब, सरळ, तांबडीलाल. सूनबाईने निवडून एक पिशवी भरली आणि मी ती विणेकरीबुवांच्या हाती दिली. परत आल्यावर ते म्हणाले, "बुवा, बारशीला वाळवंटात पारणं सोडलं ते तुमच्या गाजराच्या कोशिंबिरीनं. चाळीस पानांवर चिमूट चिमूट वाढली." माझ्या डोळ्यांना पाणी आले. गुडघे अजून दुखतातच. पण वारी चुकली, हे दुःख मात्र तेव्हापासून राहिले नाही.

घरच्या मुलाबाळांनाही हे पीक हिताचे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. कोशिंबिरीवर तेलाची फोडणी असली तर ते अधिक अंगी लागते.

तेव्हा माय-बापहो, येत्या कार्तिकीला ज्यांचे पाय चालतात त्यांनी पंढरीची वाट धरावी. ज्यांचे चालत नाहीत त्यांनी परसात एक वाफा करावा. परसही नसेल तर हातभर खोल कुंडी पुरे. मात्र पुंगीचा हिशेब धरू नका. एक नेम धरा आणि दाटी विरळ करा. वाढ मातीखाली होत असते, ती विठ्ठलावर सोपवा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!