फ्रँचायझी विकणाऱ्याने बोललेच पाहिजे

जालन्यात अंबड चौफुलीपासून भोकरदन नाक्यापर्यंत चहा, पिझ्झा, प्ले-स्कूल, रक्ततपासणी अशा कितीतरी पाट्या दिसतात. नाव बाहेरच्या कंपनीचे, भांडवल मात्र इथल्या घरातले. कुठे ते मोसंबीच्या बागेचे, कुठे वडिलांच्या निवृत्तीचे, कुठे जमीन गहाण ठेवून उचललेले. दुकान घेणारा मुलगा बहुधा घराण्यातला पहिलाच धंदेवाला. त्याच्या हाती पडते एक गुळगुळीत माहितीपत्रक आणि त्यातला नफ्याचा तक्ता. टोकन भरले की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर इंग्रजी करारनामा समोर येतो. फी परत मिळणार नाही, माल कंपनीकडूनच घ्यायचा, वाद झाला तर लवाद कंपनीच्या शहरात, हे सगळे त्यात असते. याआधी किती जणांनी शाखा घेतली आणि त्यांतल्या किती जणांनी शटर कायमचे ओढले, हे मात्र कुठेच नसते. ते सांगण्याची सक्ती कायद्याने व्हायला हवी, तीही पैसे घेण्याआधी, असे माझे ठाम मत आहे.

आज तशी सक्ती नाही. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. भिस्त आहे ती १८७२ च्या करार कायद्यावर. त्याच्या कलम १७ मध्ये एक उदाहरण दिले आहे. घोडा अधू आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, लिलावात तो काहीच बोलत नाही. कायद्याच्या लेखी ही फसवणूक नाही. लगेच दुसरे उदाहरण येते. घोडा घेणारी त्याची स्वतःचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे खरे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे गप्प बसणे फसवणूक ठरायची असेल तर बोलण्याचे बंधन आधी असावे लागते. कलम १९ आणखी पुढे जाते. चुकीची माहिती देऊन किंवा कपटाने गप्प राहून संमती मिळवली असेल, पण घेणाऱ्याला साधी चौकशी करून खरे कळू शकत असेल, तर त्याला करार मोडता येत नाही. घनसावंगीच्या मुलाने चौकशी करायची कुठे? बंद पडलेल्या दुकानांची यादी असते फक्त कंपनीकडे. ग्राहक कायद्याचा आधारही डळमळीत आहे, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्यातून वगळली आहे. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सूट, आणि ते सिद्ध करण्यातच वर्षे जातात.

जालन्याला हा प्रश्न नवा वाटू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली येणाऱ्या वाणाच्या पिशवीवर लॉट नंबर, चाचणीची तारीख, शुद्धता आणि किमान उगवणशक्ती छापावीच लागते. सोयाबीनला ती ७० टक्के. पेरणीनंतर शेतकरी पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तेच घेऊन तो कृषी अधिकाऱ्याकडे जातो. बियाणे फसणारच नाही अशी हमी टॅग देत नाही. पण विकणाऱ्याने काय कबूल केले होते, ते लेखी राहते. काही हजारांच्या बियाण्याला जे संरक्षण आहे, ते दहा लाखांच्या दुकानाला नसावे?

अमेरिकेत हे बंधन १९७९ पासून देशभर आहे. करारावर सही होण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांचे प्रकटनपत्र द्यावे लागते. त्यात तिच्यावरचे खटले, दिवाळखोरी, सगळे खर्च येतात. माझ्या मते त्यातला विसावा मुद्दा सर्वांत मोलाचा. गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या आणि किती बंद झाल्या याचा तक्ता त्यात असतो, शिवाय सध्याच्या आणि गेल्या वर्षात बाहेर पडलेल्या शाखाचालकांची नावे आणि संपर्क. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने २० दिवसांची मुदत दिली, मलेशियाने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. युनिड्रॉइट या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये नमुना कायदाच लिहून दिला. भारत तिचा सदस्य आहे.

छोट्या कंपन्यांना वकिलांचा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पुण्यातल्या एखाद्या अमृततुल्य चहावाल्याने नेकीने चार शाखा दिल्या, तर त्याच्यावर २३ मुद्द्यांचे बाड लादू नये. त्याला दोन पानी नमुना पुरे. जाड कागदपत्र कोणी वाचत नाही, हेही खरे. अमेरिकेत केंद्रीय यंत्रणा त्या मजकुराची आधी छाननीसुद्धा करत नाही. म्हणून आपल्याकडे मुद्दे थोडे आणि मराठीत असावेत. बंद शाखा आणि त्यांच्या चालकांचे फोन, नफ्याच्या तक्त्याचा आधार, बाहेर पडताना किती पैसे परत मिळणार. एवढ्याने बरेच साधेल.

दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. करार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. फ्लॅट विकणाऱ्याने जमिनीचा हक्क आणि तिच्यावरचा बोजा खरा आणि पूर्ण सांगावा, असे महाराष्ट्राने १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्यात लिहिले. २०१७ पासून महारेरावर प्रकल्पाची माहिती घरबसल्या पाहता येते. सरकारला फ्रँचायझी दिसत नाही असेही नाही. जुलै २००३ पासून तिच्यावर सेवाकर होता, आज फीवर १८ टक्के जीएसटी आहे. कर घेताना ज्या व्यवहाराची व्याख्या जमली, त्यात पैसे घालणाऱ्यासाठी दोन पानी पत्रकही जमले पाहिजे. ते न देता घेतलेली फी कंपनीने व्याजासह परत करावी, आणि त्यासाठीची दाद जालन्याच्याच कोर्टात मागता यावी.