भाता कोणी ओढला?

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताची रांग आहे. तिच्या फ्रान्सकडील बाजूस टूरमाले नावाची एक खिंड आहे. तिची उंची २,११५ मीटर. पश्चिमेच्या पायथ्यापासून खिंडीपर्यंतचा रस्ता सुमारे १९ किलोमीटर सतत चढत जातो, आणि दर शंभर मीटर अंतरामागे सरासरी सात मीटरांहून अधिक उंची गाठतो. व्यावसायिक सायकल शर्यतींतील अतिकठीण चढांमध्ये या घाटाची गणना होते. ‘टूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत या घाटातून प्रथम गेली ती १९१० साली. त्या दिवशी टूरमालेच्या माथ्यावर सर्वांआधी पोहोचलेला ओक्ताव्ह लापीझ पुढच्या ओबिस्क घाटात इतका संतापला, की त्याने संयोजकांना चक्क खुनी म्हटले. तरीही त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली.

परंतु येथे विचार करावयाचा आहे तो १९१३ मधील एका प्रसंगाचा. ओजेन क्रिस्तोफ हा अग्रगण्य स्पर्धक टूरमालेचा चढ संपवून उतरू लागला असता त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. मोडतोड झाल्यास ज्याची त्यानेच दुरुस्त करावी, इतर कोणाचेही साह्य घेऊ नये, असा त्या काळी कडक नियम होता. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरून तो सेंत-मारी-द-कांपां या गावी आला. तेथे एक लोहारशाळा होती. लोहाराला फक्त तोंडी सूचना देता येत होत्या. ऐरणीवर काम करायचे ते क्रिस्तोफने स्वतः. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. काही तास खपून त्याने चिमटा सांधला. मात्र दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे भाता ओढण्यास त्याने एका लहान मुलाला सांगितले. अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतले, आणि परक्याचे साह्य घेतल्याबद्दल त्याच्यावर काही मिनिटांचा दंड बसला.

ही कथा ऐकताच आपले मन त्या अधिकाऱ्यांवर रुष्ट होते. पण क्षणभर त्यांची बाजूही पाहू या. नियम सर्वांना सारखाच होता. ज्यांनी कोणाचा हात न लावता शर्यत पुरी केली, त्यांच्याशीही न्यायाने वागायला हवे होते. शिवाय त्या नियमामागे एक उच्च आदर्श होता: पराक्रम ज्याचा, श्रेयही त्याचेच असावे. तीव्र चढाचे महत्त्व याच कारणाने मानले जाते. सपाट रस्त्यावर पुढच्या सायकलपटूच्या आडोशाने गेल्यास वाऱ्याचा विरोध पुष्कळ कमी होतो. घाटात गती मंदावते, वाऱ्याचा विरोध गौण ठरतो, आणि स्वतःच्या देहाचा भार ज्याचा त्यानेच वर न्यावा लागतो. मनुष्य खरोखर किती समर्थ आहे ते तेथे दिसते, असे म्हणतात.

पण मग प्रश्न असा, की ‘केवळ माझे’ असे यश जगात असते काय? क्रिस्तोफ ज्या रस्त्याने चढला तो त्याने बांधला नव्हता. लोहाराची विद्या, ऐरण, कोळसा, यांपैकी काहीच त्याचे नव्हते. अधिकाऱ्यांनी या सर्व ऋणांतून एकच ऋण मोजले, ते भात्याचे.

पुढे नियम बदलले आणि सहकाऱ्यांचे साह्य हा शर्यतीचा मान्य भाग झाला. १९३४ साली याच पिरेनीजमध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपल्या सायकलचे पुढचे चाक काढून संघनायक अंतोनां माग्न याला दिले. दगडी कठड्यावर बसून मदतीची वाट पाहणाऱ्या व्हिएतोचे रडवेले छायाचित्र प्रसिद्धच आहे. दुसऱ्या दिवशी तो पुढे असतानाही मागे वळला आणि पुन्हा नायकाच्या साह्यास गेला. माग्न विजयी झाला. व्हिएतोला टूर द फ्रान्स कधीही जिंकता आली नाही. म्हणून माग्नचा विजय खोटा ठरतो काय? तसे कोणी म्हणत नाही. त्या विजयात दुसऱ्याचे चाक होते, हे जगाला ठाऊक आहे, एवढेच.

याउलट दुसरे एक उदाहरण घ्या. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ या काळात हीच शर्यत सलग सात वेळा जिंकली. २०१२ साली उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल ती सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःच दोष कबूल केला. त्यालाही साह्यच मिळाले होते; पण ते लपवावे लागत होते.

मला वाटते, खरा भेद येथे आहे. साह्य घेतले की नाही, यापेक्षा ते उघडपणे सांगता येते की नाही, हे पाहावे. उघड साह्य नियमात बसते वा नाही, हे इतरांना ठरवता येते. प्रसंगी दंडही होतो, आणि हिशोब तेथेच मिटतो. क्रिस्तोफचा हिशोब असाच मिटला. त्याचे मोठेपण त्या दंडाने तिळमात्र कमी झाले नाही. लपवलेले साह्य मात्र इतरांचा न्याय करण्याचा हक्कच हिरावून घेते.

वाचकहो, “मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो,” असे आपण किती सहज म्हणतो! परीक्षेत पहिल्या आलेल्या भावाच्या वाट्याचे घरकाम धाकट्या बहिणीने केलेले असते. त्याची नोंद गुणपत्रिकेत नसते. ते साह्य कोणी मुद्दाम लपवत नाही. ते फक्त सांगायचे राहून जाते. पण वर्षानुवर्षे सांगायचे राहिले, तर लपवणे आणि विसरणे यांत त्या बहिणीच्या दृष्टीने काय फरक उरतो?

टूरमालेच्या पायथ्याच्या त्या मुलाने काही वेळ भाता ओढला. त्याबद्दल कोणी त्याला बक्षीस दिल्याचे ऐकिवात नाही. अधिकाऱ्यांनी दंड केला नसता, तर असा कोणी मुलगा तेथे होता हेदेखील आज कोणाला कळले नसते. आपल्या आयुष्यात ज्यांनी भाता ओढला, त्यांची नोंद होण्यासाठी आपण दंडाची वाट का पाहावी?