घेतलेले चित्र, दिलेले चित्र

दर काही महिन्यांनी तो संदेश फोनवर येतोच. सुदानमधले हाडांचा सापळा झालेले मूल, मागे दबा धरून बसलेले गिधाड, आणि खाली गोष्ट. फोटो काढणाऱ्याला कुणीतरी विचारले, तिथे गिधाडे किती होती? तो म्हणाला, एक. विचारणारा म्हणाला, नाही, दोन. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता. मग म्हणे पश्चात्तापाने त्याने जीव दिला. व्याख्यानांमधूनही ही गोष्ट सांगितली जाते आणि सभागृह स्तब्ध होते. मला त्या स्तब्धतेचा राग येतो. ती फार स्वस्तात मिळालेली असते.

केव्हिन कार्टर हा दक्षिण आफ्रिकेचा छायाचित्रकार. मार्च १९९३ मध्ये तो दक्षिण सुदानमधल्या आयोद या गावी मदतीच्या विमानातून उतरला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छायाचित्र २६ मार्चला छापले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. इतके सगळ्यांना माहीत असते. गोष्टीत न येणाऱ्या बाबी अशा: मूल अन्नवाटप केंद्रापासून फार दूर नव्हते. त्याच्या मनगटावर केंद्राची पट्टी होती, म्हणजे त्याची नोंद आधीच झाली होती. सिल्व्हा हा कार्टरचा सहकारी छायाचित्रकार तिथेच होता. त्याच्या सांगण्यानुसार मुलांचे आईबाप विमानातून उतरणारे धान्य घ्यायला धावले होते. कार्टरने गिधाडाला हाकलले आणि मग झाडाखाली बसून तो रडला.

तरीही मुलाला उचलून केंद्रात न्यायला काय झाले होते, हा प्रश्न उरतो. तो मी उडवून लावत नाही. रोगराईमुळे कुणाला स्पर्श करू नका, अशी ताकीद छायाचित्रकारांना होती असे सांगतात. पण हे उत्तर मला स्वतःला पुरत नाही. मी त्याच्या जागी असतो तर उचलले असते असे वाटते, आणि असे वाटणे किती सोपे आहे हेही कळते. माझी तक्रार प्रश्नाविषयी नाही, त्याच्या एकटेपणाविषयी आहे. सुदानमधले यादवी युद्ध १९८३ पासून चालू होते. १९९१ मध्ये बंडखोरांत फूट पडली आणि आयोद, वाट, कोंगोर या पट्ट्यात गावे जाळली गेली, गुरे लुटली गेली, शेती उजाड झाली. ही उपासमार माणसांनी घडवली होती. तिला जबाबदार असलेले खार्टूममधले राज्यकर्ते, बंडखोर सेनानी, त्यांना शस्त्रे विकणारे, यांतला एकही जण त्या संदेशात नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो फक्त आपल्यापर्यंत बातमी आणणारा. त्याला गिधाड म्हटले की बाकी सगळे सुटतात, आणि सगळ्यांत आधी सुटतो तो संदेश पुढे ढकलणारा.

त्याच्या मृत्यूला तर आपण न्यायनिवाडाच ठरवून टाकले आहे. कार्टरने २७ जुलै १९९४ रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी आत्महत्या केली. गळ्यात पेटता टायर अडकवून माणसांना जाळण्याचे प्रकार त्याने ऐंशीच्या दशकातच टिपले होते. पुलित्झर जाहीर झाल्यानंतर आठवड्याच्या आत, १८ एप्रिलला, त्याचा जवळचा मित्र केन ऊस्टरब्रुक थोकोझा वस्तीतल्या गोळीबारात मारला गेला. नशेचे व्यसन होते, पैशांची चणचण होती, आणि शेवटच्या चिठ्ठीत पाहिलेल्या हत्या आणि प्रेते पाठ सोडत नसल्याचे लिहिले होते. दुसऱ्यांचे दुःख दाखवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दुःख कुणी पाहिले नाही, आणि मेल्यावर पाहिले ते त्याची शिक्षा म्हणून.

अशा चित्रांनी संवेदना बोथट होतात, हा दुसरा आक्षेप. तो गाजवणाऱ्या अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनीच २००३ च्या पुस्तकात त्याच्यावर शंका घेतली. 

मग त्या छायाचित्रात मला काहीच खुपत नाही का? खुपते, पण वेगळे. आपण मराठीत फोटो काढतो किंवा घेतो. फोटो देतो असे आपण म्हणतो ते फक्त स्थळ पाहताना किंवा अर्ज भरताना. मला वाटते, सारा प्रश्न घेणे आणि देणे या दोन क्रियापदांमध्ये आहे.

अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि त्याची पत्नी आयलीन १९७१ मध्ये जपानमधल्या मिनामाताला गेले आणि तीन वर्षे तिथेच घर करून राहिले. चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसे लुळी होत होती, मुले आईच्या पोटातच विषबाधा घेऊन जन्मत होती. जानेवारी १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांनी स्मिथला बेदम मारले. न्हाणीत आपल्या अपंग मुलीला छातीशी धरलेल्या आईचे त्याचे जगप्रसिद्ध छायाचित्र आईच्या संमतीने, तिच्याबरोबर ठरवून काढलेले होते. त्या घराने ते जगाला दिले होते. मुलगी १९७७ मध्ये वारली. पुढे आईवडिलांना वाटले, आता तिला विसावा मिळावा. १९९८ मध्ये आयलीन यांनी त्या छायाचित्राबाबतचा निर्णय त्यांच्या हाती सोपवला, आणि जवळपास वीस वर्षे ते नव्याने छापले गेले नाही. दिलेलेच परत मागता येते.

संकटात संमती कुठून आणणार, असे कुणी विचारेल. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८४ च्या डिसेंबरात मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचा चेहरा रघु राय यांनी टिपला, तेव्हा ‘द्या’ असे म्हणायचे कुणाला? खरे आहे. काही चित्रे घ्यावीच लागतात, आणि ती घेतली हे चांगलेच झाले. पण घेतलेल्याचे देणे लागते. ते फेडायला कुणी परत गेले का, एवढेच मी विचारतो. आयोदला एका स्पॅनिश दैनिकाचे पत्रकार २०११ मध्ये गेले. तेव्हा कळले की ते मूल त्या दिवशी वाचले होते, मोठे झाले होते आणि सुमारे चार वर्षांपूर्वी तापाने गेले होते. तोवर अठरा वर्षे जग त्याला मुलगी समजत होते. तो मुलगा होता.

हे सगळे दूरचे नाही. नवऱ्याचा हार घातलेला फोटो हातात धरून उंबऱ्यात बसलेली विदर्भातली शेतकऱ्याची विधवा आपण किती वेळा पाहिली आहे! कर्जमाफीची बातमी आली की तेच चित्र कपाटातून निघते. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते: ‘संग्रहित छायाचित्र’. ती बाई आज कुठे आहे, तिची मुले शिकली का, आपले चित्र पुन्हा छापले गेले हे तिला ठाऊक आहे का, याची विचारपूस त्या दोन शब्दांत नसते. संपादकांना माझी विनंती आहे: ते चित्र पुन्हा छापण्याआधी एकदा तिच्या घरी माणूस पाठवा, आणि ती नको म्हणाली तर छापू नका.