तडकलेल्या स्क्रीनसमोर

मांडी घालून निवांत बसा. तडकलेला लॅपटॉप समोर ठेवा. अजून दुकानात फोन करू नका, नव्या मॉडेलच्या किमतीही पाहू नका. दोन-तीन श्वास सावकाश येऊ द्या, जाऊ द्या.

आता तो सुरू करा आणि नुसते पाहा. कोपऱ्यातून निघालेला तडा, शाई सांडल्यासारखा काळा डाग, उभ्या रंगीत रेषा. डागावर बोट दाबावेसे वाटेल. दाबू नका, तो पसरतो.

साध्या एलसीडी स्क्रीनमध्ये दोन पातळ काचांच्या मध्ये द्रव स्फटिकाचा थर असतो. 1888 मध्ये ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर यांना गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करताना असा पदार्थ आढळला. तापवल्यावर तो वितळे, पण गढूळच राही. आणखी तापवला की स्वच्छ होई. धड घन नाही, धड द्रवही नाही. हीच अधलीमधली अवस्था तुमच्या डोळ्यांसमोर रोज प्रकाशाला वाट देत होती, अडवत होती. थोडा वेळ मनालाही तसेच राहू द्या. अजून काही ठरलेले नाही.

पहिला प्रश्न विचारा: तुटले काय? एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. तिथे चित्र स्वच्छ दिसले, तर बिघाड बहुधा स्क्रीनपुरताच आहे. फोटो, कागदपत्रे, अर्धवट राहिलेले काम, सगळे जागेवर आहे. ते लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हरवण्याची भीती गेली की घाईही ओसरते. हे ओसरणे जाणवू द्या.

दुसरा प्रश्न: उरले काय? बॅटरी किती वेळ टिकते? बिजागऱ्या घट्ट आहेत का? विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तुमचे यंत्र विंडोज 11 पेलेल का? पडण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही या लॅपटॉपवर समाधानी होता का? या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबा. उत्तर ‘हो’ असेल, तर नव्याची ओढ तडा पाहून जागी झाली आहे.

तिसरा प्रश्न: खर्च किती? पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, की तुमच्या गावातला ओळखीचा कारागीर, नीट विचारा. पॅनेल ओरिजिनल की कॉपी? रिझोल्यूशन तेच का? जोडणी 30 पिनची की 40? वॉरंटी किती महिन्यांची? टचस्क्रीन किंवा ओएलईडी असेल, तर आकडा बराच चढतो. तशाच क्षमतेच्या यंत्राच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल, तर नव्याचा विचार रास्त आहे. आणि लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल, तर वेगळा मॉनिटर जोडूनही काम चालेल.

आता जाते आठवा. दगड गुळगुळीत झाले की पीठ भरड येई. मग टाकी लावणारे दारावर येत, छिन्नीने दगडाला पुन्हा धार देत, आणि तेच जाते पुढे दळत राही. दगडच दुभंगला, तर मात्र नवे जाते आणावे लागे. घरातल्या बायांना हा फरक हाताला कळे. तुमच्यासमोर काय आहे: झिजलेला दगड की दुभंगलेला?

नवे घ्यायचे झाले, तर एवढे मनात असू द्या. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, तुम्ही तो पहिल्यांदा सुरू करण्याआधीच. म्हणून जुना भंगारात टाकू नका. डेटा पुसून तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या; 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे.

डोळे मिटा. ‘दुरुस्त करतो’ असे मनात म्हणा. मग ‘नवा घेतो’ असे म्हणा. कोणत्या वाक्यानंतर आतले हिशोब थांबतात, ते ऐका. गढूळ होते ते निवळेल. आज नाही, तर उद्या सकाळी.

मग झाकण मिटा. कोपऱ्याला धरून नको, मधोमध धरून, हलक्या हाताने. कोपऱ्यावरचा ताण काचेपर्यंत पोचतो. हाताला ही सवय आजच लागू द्या. ती या लॅपटॉपच्या उपयोगी पडेल, नाहीतर पुढच्याच्या.