स्पर्शाची साक्ष

ज्याला लोकरीची टोपी बोचते त्याला 'होईल सवय' असे सांगण्याचा अधिकार, ज्याला ती बोचत नाही त्याला कोठून प्राप्त होतो? प्रश्न क्षुल्लक भासेल. परंतु ज्यांना साधा स्पर्शही असह्य होतो, त्यांना त्या बोचण्याइतकाच आपल्या साक्षीवरील अविश्वास जाचत असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत जीन एअर्स यांनी १९७२ साली संवेदनांच्या या घोटाळ्यावर ग्रंथ लिहिला; २०१३ पासून तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात स्वमग्नतेच्या लक्षणांतही त्याची गणना होते. तेव्हा हे लाड नव्हेत.

आपल्या आज्यांना मात्र ग्रंथाची वाट पाहावी लागली नाही. नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या अंगास टोचते, म्हणून त्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची झबली-टोपडी शिवीत. मग तीच कोवळीक मोठ्या माणसास नाकारावी, हे कोणत्या न्यायाने?

कारखाना हजार डोक्यांस एकच माप लावतो. हाताने विणणारास विचारता येते. लोकरीऐवजी सुती दोरा घ्यावा, शिवण व गाठी बाहेरच्या अंगास टाकाव्या, मानेशी चिठ्ठी ठेवू नये. पण एवढ्याने भागत नाही. कित्येकांस उलट घट्ट दाबच सुखावतो. टेंपल ग्रँडिन या विदुषीने तर तरुणपणी अंग दाबून धरणारे यंत्रच स्वतःसाठी बांधले. अशा माणसास सैल, मऊ टोपी देऊन उपयोग काय? म्हणून केवळ अंदाजाने केलेली दया आम्हांस पुरेशी वाटत नाही. (देणाराचा हिरमोड होतो खरा, होऊ द्यावा.) विणण्यापूर्वी दोरा त्याच्या हाती द्यावा, आणि त्याने तो बाजूस सारला तर कारण न विचारता दुसरा काढावा.